दिसणे, नाव आणि उपाय : घोड्याच्या कानावरील विषाणुजन्य त्वचाविकृतींच्या मराठी संज्ञांची चिकित्सा (विशेष संदर्भ : अमरावती व अकोला)

गोषवारा

घोड्याच्या कानावर उठणाऱ्या गाठी, चट्टे व खवले यांना मराठीत सर्रास 'चामखीळ' असे म्हटले जाते. या एका नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या विषाणुजन्य विकृती येतात. त्यांतील एक आपोआप बरी होते, दुसरी आयुष्यभर टिकते परंतु क्वचितच जाच करते, आणि तिसरी त्वचेचा अर्बुद असून अर्धवट छेडल्यास अधिक उग्र होते. रोगाच्या दिसण्यावरून नाव आणि नावावरून उपाय ठरविण्याची परंपरागत रीत या ठिकाणी कशी अपुरी पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. 2022 साली अकोला व अमरावती जिल्ह्यांनी अनुभवलेल्या लम्पी चर्मरोगाच्या साथीचा तुलनेसाठी आधार घेतला असून, संज्ञेचे मोल तिच्या देशीपणावर नव्हे तर तिच्यासोबत लोकांपर्यंत पोचणाऱ्या ज्ञानावर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : चामखीळ, कानचट्टा, सारकॉईड, पॅपिलोमा विषाणू, पशुवैद्यकीय परिभाषा, वऱ्हाड.

प्रस्तावना

भाषा आणि विज्ञान यांच्या संबंधांची चर्चा मराठीत बहुधा शब्दांच्या शुद्धाशुद्धतेपाशी किंवा इंग्रजी शब्द स्वीकारावेत की नाकारावेत या वादापाशी थांबते. संज्ञेमुळे कृती बदलते, आणि चुकीच्या कृतीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ही बाजू त्या चर्चेत क्वचितच येते. पशुवैद्यकाच्या क्षेत्रात ही बाजू विशेष स्पष्ट दिसते. जनावर आपले दुखणे सांगू शकत नाही. जनावराचा मालक ते पाहतो, त्याला नाव देतो, आणि त्या नावाला परंपरेने जोडलेला उपाय करतो. पशुवैद्यक पुष्कळदा या तिन्ही पायऱ्यांनंतर येतो.

घोड्याच्या कानावरील त्वचाविकृतींचे उदाहरण येथे मुद्दाम निवडले आहे. वरवर पाहता हा विषय अगदी लहान आहे. घोड्यांची संख्याही ओसरत आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे 6.2 लाख होती, ती 2019 च्या विसाव्या पशुगणनेत सुमारे 3.4 लाखांवर आली. तथापि संख्या घटल्याने उरलेल्या घोड्यांचे त्यांच्या मालकांच्या दृष्टीने मोल घटत नाही. अमरावती-अकोल्याकडे टांग्यांचा काळ सरला, पण लग्नाच्या वरातीला घोडा लागतोच, आणि अशा एकदोन घोड्यांवर एखादे कुटुंब लग्नसराईचे उत्पन्न उभे करते. ज्या घोड्याचे डोके सजवून सर्वांसमोर मिरवायचे, त्याच्या कानावर गाठ वा पांढरा चट्टा दिसणे ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने किरकोळ बाब राहत नाही. तो चट्टा नाहीसा करण्याची घाई होते, आणि या घाईतच नावाचा परिणाम दिसू लागतो.

'चामखीळ' या संज्ञेची घडण

'चामखीळ' हा शब्द संस्कृत 'चर्मकील' या शब्दापासून आला आहे. चर्म म्हणजे कातडी आणि कील म्हणजे खिळा. कातडीत ठोकलेल्या खिळ्यासारखी दिसणारी वाढ ती चर्मकील. सुश्रुतसंहितेत चर्मकीलाचा उल्लेख अर्शाच्या निदानात येतो; व्यान वायू कफाचा आश्रय घेऊन त्वचेवर खिळ्यासारखे कठीण अंकुर उत्पन्न करतो, अशी तेथे उपपत्ती आहे. तिचाच सोबती 'मस' हा शब्द 'मषक' या संज्ञेशी जोडलेला आहे, आणि मषकाचे वर्णन उडदाच्या दाण्यासारखा उंचवटा असे केले जाते. पहिल्या नावात खिळा आहे तर दुसऱ्याच्या वर्णनात उडीद. दोन्ही संज्ञा आकारावरून बनल्या आहेत. दादासारख्या त्वचारोगाला आपण 'गजकर्ण' म्हणतो, त्यातही दिसण्याचेच साम्य आहे.

या संज्ञा घडविणाऱ्यांची निरीक्षणशक्ती कमी होती असे म्हणता येणार नाही. उलट, सूक्ष्मदर्शक नसताना डोळ्याला दिसणारे भेद टिपण्याचे जे काम शक्य होते, ते त्यांनी नेमकेपणाने केले. प्रश्न वेगळाच आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या चिकित्सेत चर्मकील, मषक आणि तिलकालक यांना एकच उपाय सांगितला आहे : शस्त्राने कापावे आणि क्षाराने वा अग्नीने जाळावे. म्हणजे आकारावरून नाव आणि नावावरून कापणे-जाळणे अशी साखळी संहितेच्या काळीच पक्की झाली होती. आजही चामखिळीला चुना लावणे, बिब्बा लावणे, डाग देणे, केसाने आवळून बांधणे हे उपाय लोकव्यवहारात आहेत. माणसाच्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधावा, हा त्यांपैकी सर्वपरिचित उपाय. 'खिळा' म्हटल्यावर तो उपटण्याचाच विचार मनात येतो. शब्दातील प्रतिमाच उपचाराची दिशा सुचविते.

चामखीळ विषाणुजन्य असते हे ज्ञान मात्र विसाव्या शतकातील आहे. 1907 साली इटलीतील च्यूफो याने माणसाच्या चामखिळीचा अर्क जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतून गाळून घेतला आणि त्या गाळलेल्या द्रवाने चामखीळ उत्पन्न करता येते असे दाखविले. त्यानंतर पॅपिलोमा विषाणूंचे एक मोठे कुल हळूहळू उघड झाले. 'विषाणू' या मराठी शब्दातही विष आहेच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही विष असाच होतो. म्हणजे कारणवाचक म्हणून घेतलेली संज्ञादेखील जुन्या कल्पनेचे ओझे वाहते. तरीही 'विषाणू' हा शब्द आज मराठीत काम करतो, कारण त्यासोबत संसर्ग, लस व प्रतिकारशक्ती या कल्पना शाळेपासून शिकविल्या जातात. 'चामखीळ' या शब्दासोबत तसे काहीच आलेले नाही.

कान : लक्षण आणि किंमत

या ठिकाणी कानाचाच विचार का करावयाचा, याचे उत्तर भारतीय अश्वपरंपरेतच आहे. महाभारताच्या उद्योगपर्वातील गालवाख्यानात विश्वामित्र गुरुदक्षिणा म्हणून चंद्रासारखे शुभ्र आणि एक कान काळा असलेले आठशे घोडे मागतो. श्यामकर्ण घोड्याची कल्पना मराठी कथाकीर्तनांतून घरोघरी पोचलेली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अश्वलक्षणांचा स्वतंत्र अध्याय असून त्यात आवर्तांच्या, म्हणजे भोवऱ्यांच्या, स्थानांवरून शुभाशुभ ठरविले आहे. जयदत्ताचा अश्ववैद्यक हा ग्रंथ आणि नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र यांतही लक्षणपरीक्षेला मोठे स्थान आहे. रोगचिकित्सा आणि लक्षणपरीक्षा हे दोन विषय या ग्रंथांत शेजारी शेजारी नांदतात. शरीरावरील खूण रोगाची आहे की भाग्याची, ही सीमारेषा तेथे नेहमीच ठळक राहत नाही.

आजच्या बाजारातही कानाचे महत्त्व टिकून आहे. मारवाडी व काठेवाडी घोड्यांचे कान टोकाशी आत वळलेले असतात, आणि हे वळण हीच त्या जातींची प्रमुख ओळख मानली जाते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावचा, असे मार्गशीर्षात भरणारे दोन मोठे घोडेबाजार महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. गिऱ्हाईक घोड्याचा कान, भोवरा आणि पाय पाहतो. 'खोड' हा शब्द येथे दोन अर्थांनी चालतो. स्वभावाचा दोष ती खोड, आणि शरीरावरील अशुभ खूण तीही खोड. काळसर कानाच्या आत पांढरा चट्टा दिसला तर तो रोग म्हणून पाहिला जाईल की खोड म्हणून, हे पाहणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून राहते. खोड ठरली तर किंमत उतरते. चामखीळ ठरली तर ती काढून टाकण्याची घाई होते. वस्तुतः तो चट्टा तसाच राहू देणे हाच अनेकदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग असतो.

एका नावाखालील तीन विकृती

पहिली विकृती म्हणजे घोड्यांची खरीखुरी चामखीळ. ती घोड्यांच्या पॅपिलोमा विषाणूच्या पहिल्या प्रकारामुळे होते. बहुतांशी तीन वर्षांखालील शिंगरे व तरुण घोडे यांच्यात ती आढळते. नाक, ओठ व डोळ्यांभोवती, आणि काही वेळा कानांवरही, लहान, खडबडीत, करड्या वा गुलाबी गाठी पुंजक्यांनी उठतात. एकत्र ठेवलेल्या शिंगरांत ती एकमेकांना लागते. तिचे महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की, शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की काही महिन्यांत ती आपोआप नाहीशी होते. बहुतेक वेळा उपचार लागत नाही.

दुसरी विकृती कानाच्या आतल्या बाजूला होते. कर्णपालीच्या, म्हणजे कानाच्या बाहेर दिसणाऱ्या पन्हळीच्या, आतील पृष्ठभागावर पांढरट, किंचित उंच, खवल्यांनी झाकलेले चट्टे दिसतात. ते बहुधा दोन्ही कानांत असतात. खवला निघाल्यास खाली गुलाबी त्वचा दिसते. फार काळ हा बुरशीचा प्रकार समजला गेला. पुढे या चट्ट्यांत पॅपिलोमा विषाणू असल्याचे दिसून आले, आणि 2011 नंतरच्या संशोधनात घोड्यांच्या पॅपिलोमा विषाणूचे तिसरा, चौथा, पाचवा व सहावा हे प्रकार या चट्ट्यांशी जोडले गेले. एकाच चट्ट्यात एकाहून अधिक प्रकार आढळल्याचेही ब्राझीलमधील अभ्यासात नोंदविले आहे. ही विकृती पहिलीप्रमाणे आपोआप जात नाही. परंतु बहुसंख्य घोड्यांना तिचा त्रासही होत नाही. काही घोडे मात्र कानाला हात लावू देत नाहीत, म्होरकी चढविताना डोके झटकतात, आणि मग त्यांच्यावर 'खोडकर' असा शिक्का बसतो.

तिसरी विकृती सारकॉईड. जगभरातील घोड्यांत त्वचेचा हा सर्वाधिक आढळणारा अर्बुद आहे. 1936 साली दक्षिण आफ्रिकेतील जॅक्सन याने त्याला हे नाव दिले. मांसार्बुदासारखा दिसणारा पण मांसार्बुद नसलेला, असा त्या नावाचा आशय आहे. तो शरीराच्या दूरच्या अवयवांत सहसा पसरत नाही. जागच्या जागी मात्र खोलवर शिरतो आणि काढल्यावर पुन्हा उद्भवतो. कानाचा बुंधा व कर्णपाली, डोळ्यांभोवतीची त्वचा, मांड्यांचा आतील भाग ही त्याची नेहमीची स्थाने आहेत. त्याची रूपे अनेक आहेत : केस गळालेला सपाट चट्टा, चामखिळीसारखा खडबडीत उंचवटा, त्वचेखालची गोल गाठ, किंवा रक्ताळलेला मांसल गोळा. यांतील दुसरे रूप आणि साधी चामखीळ यांत अननुभवी डोळ्याला फरक दिसत नाही.

तीनही विकृती पॅपिलोमा विषाणूंशी संबंधित आहेत, परंतु त्यांची गती भिन्न आहे. पहिलीत वाट पाहावयाची, दुसरीत बहुधा सोडून द्यावयाचे, तिसरीत नियोजनपूर्वक आणि पूर्ण उपचार करावयाचा. म्हणजे 'विषाणुजन्य' हे विशेषण लावल्यानेही काम भागत नाही. कोणता विषाणू, कोणत्या प्राण्याचा, आणि पुढे काय होणार, हे सांगितल्याशिवाय नाव पुरे होत नाही.

नावावरून ठरणारा उपाय

या तिघींना 'चामखीळ' हे एकच नाव दिल्यावर काय होते ते क्रमाने पाहता येईल. शिंगराच्या खऱ्या चामखिळीला कोणी चुना लावला, कोणी मंत्र घातला, कोणी केस बांधला. तीनचार महिन्यांनी चामखीळ गेली. ती जाणारच होती, पण श्रेय उपायाला मिळाले. लोकोपचारांची ख्याती पुष्कळदा अशा आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगांवर उभी असते. त्या उपचारकर्त्याचा यात लबाडीचा हेतू असतो असे नव्हे. त्याने जे पाहिले ते खरेच असते. कार्यकारणभाव तेवढा चुकलेला असतो.

मग तोच उपाय, त्याच नावाच्या बळावर, पाच वर्षांच्या घोड्याच्या कानाच्या बुंध्यावरील सारकॉईडला केला जातो. येथे परिणाम उलटा होतो. सारकॉईडला वरवर कापणे, आवळून बांधणे, आम्ल वा क्षार लावून अर्धवट जाळणे म्हणजे त्याला छेडणे होय. जखम झालेला सपाट चट्टा पाहता पाहता मांसल, रक्तस्रावी रूप धारण करू शकतो. एवढेच नव्हे, तर तपासणीसाठी छोटा तुकडा काढण्याच्या बाबतीतही जाणकार पशुवैद्यक सावध असतात. तुकडा काढावयाचा तर त्यानंतरच्या उपचाराची तयारी आधी असावी लागते. शीतशस्त्रक्रिया, लेसर, गाठीत सिस्प्लॅटिनसारखे औषध टोचणे असे उपचार उपलब्ध आहेत. मात्र त्यांचे यश गाठ लहान असताना अधिक असते. घरगुती उपायांत गेलेले सहा महिने हेच येथे खरे नुकसान असते.

कानाच्या आतील पांढऱ्या चट्ट्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांवर इमिक्विमोड हे मलम परिणामकारक ठरल्याचे 2010 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. हे औषध विषाणूला थेट मारत नाही. त्या जागची प्रतिकारयंत्रणा जागवते. परंतु त्यामुळे कान सुजतो, खपल्या धरतात, आणि घोडा इतका हळवा होतो की पुढच्या वेळी मलम लावण्यासाठी त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. ज्या चट्ट्याचा त्रास नाही त्यासाठी हा उपद्व्याप करावा का, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. चट्टा केवळ डोळ्यांना खुपतो म्हणून केलेला उपचार घोड्याला कानाचा स्पर्श कायमचा नकोसा करू शकतो. वरातीच्या घोड्याच्या बाबतीत ते चट्ट्याहून अधिक महाग पडते.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कानावरील प्रत्येक विकृती विषाणुजन्य नसते. गोचीड, खरजेचे किडे, बुरशी, माश्यांच्या चाव्याने येणारी ॲलर्जी आणि कोडासारखा वर्णलोप, ही कारणे संभवतात आणि त्यांचे उपाय भिन्न आहेत. नव्याने मिळालेल्या ज्ञानाच्या उत्साहात सर्वच चट्ट्यांना 'व्हायरस' म्हणणे ही जुन्या चुकीची नवी आवृत्ती ठरेल. 'चामखीळ' या शब्दाने जे झाले, तेच 'व्हायरस' या शब्दानेही होऊ शकते.

गोठा, माशी आणि दोन प्राणी

सारकॉईडचे सर्वांत विचार करण्यासारखे अंग त्याच्या कारणात आहे. त्याच्याशी निगडित असलेले विषाणू मुळात घोड्याचे नाहीत, ते गाईबैलांचे आहेत. 1951 साली ऑल्सन व कुक यांनी गाईच्या चामखिळीतील द्रव्य घोड्याच्या त्वचेत टोचले असता सारकॉईडसारखी वाढ होते असे दाखविले. 1977 साली सारकॉईडच्या पेशींत गोवंशीय पॅपिलोमा विषाणूचे जनुकद्रव्य आढळले. आज त्या विषाणूचे पहिला व दुसरा हे प्रकार सारकॉईडचे प्रमुख कारण मानले जातात. गाईबैलांत हा विषाणू साधी, बहुधा बरी होणारी चामखीळ उत्पन्न करतो. घोड्यात मात्र त्याचे पूर्ण विषाणुकण सहसा तयार होत नाहीत. त्याचे जनुक पेशींना वाढीची चुकीची आज्ञा देत राहतात. सर्वच घोड्यांना सारकॉईड होत नाही. आनुवंशिक प्रवणतेचाही त्यात वाटा आहे.

वऱ्हाडच्या संदर्भात या माहितीला विशेष अर्थ प्राप्त होतो. कापूस-सोयाबीनच्या या प्रदेशात बैल हा शेतीचा जुना आधार, आणि जेथे घोडा आहे तेथे तो बहुधा गोठ्याच्या आसपासच बांधलेला असतो. दावे, खरारा, पाण्याचे टाके आणि माश्या या सर्वांत दोघांची भागीदारी असते. माश्या विषाणू वाहून नेत असाव्यात, असे मानण्यास आधार आहे. कानातील पांढऱ्या चट्ट्यांच्या बाबतीतही सिम्युलियम या बारीक, चावऱ्या माशीवर संशय घेतला जातो. ती कानाच्या आतल्या कमी केसांच्या त्वचेवर बसून रक्त शोषते. ही माशी वाहत्या पाण्यात वाढते. म्हणून मेळघाटातील सिपनेसारख्या नदीच्या काठचा घोडा आणि अकोला शहरातील तबेल्यातला घोडा यांचा धोका सारखा धरता येत नाही. पहाटे व सायंकाळी घोडा आडोशाला ठेवणे, कानांवर जाळीची टोपी घालणे, खरारा व म्होरकी प्रत्येक जनावराची वेगळी ठेवणे, बैलाच्या अंगावर चामखिळी असताना घोड्याची जखम उघडी न ठेवणे, हे उपाय स्वस्त आहेत. पण 'चामखीळ' या नावातून त्यांपैकी एकही सुचत नाही. खिळ्याला माशीशी काय कर्तव्य?

'लम्पी'चा धडा : अकोला-अमरावती, 2022

संज्ञा आणि कृती यांचा संबंध या दोन जिल्ह्यांनी 2022 साली प्रत्यक्ष पाहिला. गाईम्हशींतील लम्पी चर्मरोग भारतात प्रथम 2019 साली ओडिशात नोंदविला गेला. ऑगस्ट 2022 पासून तो महाराष्ट्रात वेगाने पसरला, आणि जळगाव, बुलढाणा, अकोला व अमरावती या जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर निर्बंध आले, आणि गावोगाव लसीकरण झाले. शेळ्यांच्या देवीवरील लस गोवंशाला टोचण्यात आली, कारण दोन्ही रोगांचे विषाणू एकाच प्रजातिगटातील आहेत. याच काळात ऑगस्ट 2022 मध्ये 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' ही देशी लस जाहीर झाली. ती इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विकसित केली होती. घोड्यांसाठी स्थापन झालेल्या संस्थेने गाईंची लस घडविली. प्राण्यानुसार पाडलेल्या ज्ञानाच्या कप्प्यांना विषाणू जुमानत नाहीत, हे यावरून पुन्हा सिद्ध झाले.

आता 'लम्पी' या शब्दाकडे पाहावे. तो परका आहे. शिवाय तोही दिसण्यावरूनच बनलेला आहे. गाठीगाठींचा, एवढाच त्याचा अर्थ. घडणीच्या दृष्टीने तो 'चामखीळ' या शब्दाहून तसूभरही शास्त्रीय नाही. तरीही त्याने काम केले. हा शब्द लोकांपर्यंत एकटा पोचला नाही. हा रोग विषाणूमुळे होतो, डास, माश्या व गोचीड यांच्यामार्फत पसरतो, माणसाला होत नाही, लस उपलब्ध आहे, आजारी जनावर वेगळे बांधावे, ही पाच वाक्ये त्याच्यासोबत आली. पशुसंवर्धन विभागाची पत्रके, वृत्तपत्रे आणि गावातील दवाखाने यांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली. काही दिवसांतच 'लम्पी' हा शब्द उच्चारताच माशी आणि लस यांचे स्मरण होऊ लागले. अफवाही पसरल्या, पण त्यांना उत्तर देता आले, कारण नावामागे सांगण्यासारखे काहीतरी होते.

या अनुभवातून परिभाषेच्या वादाला वेगळे वळण मिळते. संज्ञा देशी असावी की परकी, संस्कृतोद्भव असावी की बोलीतील, हा प्रश्न दुय्यम ठरतो. संज्ञेला जोडून कारण, मार्ग, गती आणि उपाय ही चार अंगे लोकांपर्यंत पोचतात का, हा मुख्य प्रश्न. लम्पीच्या बाबतीत हे घडले ते संकटाच्या दडपणाखाली. ज्या रोगांमुळे बाजार बंद पडत नाहीत, ज्यांची बातमी होत नाही, त्यांच्या वाट्याला अशी काळजी येत नाही. घोड्याच्या कानावरील विकृती अशा उपेक्षितांपैकी आहेत.

पर्यायी संज्ञांचा विचार

'चामखीळ' हा शब्द टाकून द्यावा असा या चिकित्सेचा निष्कर्ष नाही. शब्द रूढ आहे, त्याला अर्थ आहे, आणि एका विकृतीपुरता तो अचूक आहे. त्याचे क्षेत्र आखून देणे एवढेच करावयाचे आहे. तरुण घोड्यांच्या, आपोआप बऱ्या होणाऱ्या गाठींना 'शिंगराची चामखीळ' म्हणावे. वयाचा निर्देश नावातच आल्याने, पाच-सहा वर्षांच्या घोड्याला तशी गाठ दिसल्यास मालकाच्या मनात शंका उत्पन्न होईल. अशी शंका उत्पन्न होणे हीच पशुवैद्यकाकडे जाण्याची पहिली पायरी आहे.

कानाच्या आतील पांढऱ्या विकृतीसाठी 'कानचट्टा' हा साधा शब्द पुरेसा आहे. तोही दिसण्यावरूनच येतो. परंतु त्यात उपटण्याची प्रतिमा नाही. 'चट्टा' पाहून कोणी दोरा बांधावयास जात नाही. 'सारकॉईड' हा शब्द मात्र जसाच्या तसा ठेवणे इष्ट. त्याला 'मांसार्बुद' म्हटल्यास तो सारकोमा या घातक कर्करोगात मिसळतो, आणि मालक उपचाराची आशाच सोडून देण्याचा धोका संभवतो. 'गोवंशीय चामखीळ' म्हटल्यास तो पुन्हा खिळ्याकडे वळतो. परका शब्द अनोळखी असतो, आणि येथे तेच त्याचे बलस्थान आहे. अनोळखी शब्द ऐकल्यावर माणूस 'म्हणजे काय?' असे विचारतो. ओळखीचा शब्द ऐकल्यावर तो विचारत नाही, कृती करतो.

हे काम कोणी करावयाचे? अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर, जेथे लीळाचरित्राची परंपरा घडली, तेथे 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. पशुवैद्यकाच्या ज्ञानाची एक संस्था आणि मराठीच्या ज्ञानाची दुसरी, इतक्या जवळ असण्याचा योग दुर्मीळ म्हणावा लागेल. परिभाषा कोश तयार करणाऱ्यांनी गोठ्यात चालणारे शब्द ऐकावेत आणि पशुवैद्यकांनी आपल्या पत्रकांतील शब्द तोलून वापरावेत, यासाठी नव्या इमारतीची आवश्यकता नाही. मराठी विभागातील प्राध्यापक आणि प्राणिशास्त्र विभागातील प्राध्यापक एकाच महाविद्यालयात बसतात. पदवीच्या एखाद्या प्रकल्पात विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जनावरांच्या रोगांची नावे, त्यांचे अर्थ आणि त्यांना जोडलेले उपाय यांची नोंद केली, तर अशा चिकित्सेला लागणारी मूळ सामग्री तयार होईल.

समारोप

लक्षणपरीक्षेच्या परंपरेने घोड्याचा कान बारकाईने पाहावयास शिकविले, आणि त्या पाहण्यातूनच 'श्यामकर्ण' व 'चामखीळ' असे नेमके शब्द निर्माण झाले. ती दृष्टी आजही उपयोगाची आहे. शिंगराचे वय, चट्ट्याची बाजू, गाठीचा बुंधा, या गोष्टी प्रथम डोळाच टिपतो. परंतु डोळ्याने दिलेले नाव हा तपासाचा आरंभ असतो, शेवट नव्हे. त्या नावावर थांबून हातात चुना, दोरा वा सुरी घेतली की एकाच कानावर तीन वेगवेगळे परिणाम होतात : एके ठिकाणी उपाय निरर्थक ठरतो, दुसऱ्या ठिकाणी जाचक, आणि तिसऱ्या ठिकाणी घातक. भाषेच्या अभ्यासकांना हा विषय आपला वाटावा इतका तो भाषेचा आहे. आणि पशुवैद्यकांनी शब्दांकडे लक्ष द्यावे इतका तो उपचाराचाही आहे. लम्पीच्या साथीने वऱ्हाडला एका शब्दासोबत पाच वाक्ये शिकविली. घोड्याच्या कानासाठी तीनच शब्द पुरेसे आहेत, मात्र त्या प्रत्येकासोबत त्याची वाक्ये गोठ्यापर्यंत पोचली पाहिजेत.